तोंडात पोरं धरणारा बाप

मी शाळेत भूगोल शिकवते. पांढरकवड्याच्या मुलांना समुद्र समजावून सांगणं हा माझा दर वर्षीचा उद्योग. भरती-ओहोटी मी परातीत पाणी हलवून दाखवते आणि मुलं ती परीक्षेत बिनचूक लिहितात. समुद्र पाहिलेलं मूल वर्गात बहुधा एखादंच असतं, तेही आजोबांबरोबर रामेश्वराला जाऊन आलेलं. खुद्द समुद्रच एक दिवस माझ्या बैठकीत येऊन बसेल आणि त्याला वळसा घालून मला स्वयंपाकघरात जावं लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तो आणला माझ्या नवऱ्याने. हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. एकदा दाढ काढायला तो हैदराबादला गेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी दाढांचं काय वाकडं केलं होतं ते मला आजही कळलेलं नाही. तिथल्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्याने खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी पाहिली. घरी आला तेव्हा गाल सुजलेला, तोंडात कापूस. मोबाइलमधला फोटो माझ्यापुढे धरून तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला वाटलं, औषधाचं नाव आहे. ते त्या माशाचं नाव होतं, 'कार्डिनल'.

आधी काचेची टाकी आली. मग हैदराबादहून येणाऱ्या ट्रकमधून मिठाची पोती, पांढरी वाळू आणि भोकाभोकांचे दगड आले. आमच्या गल्लीत नळ येतो तेव्हा लोक एकमेकांना फोन करून ती बातमी देतात. अशा गावात नवरा शुद्ध पाणी गाळून घ्यायचा आणि त्यात मीठ कालवायचा. शेजारच्या काकू कुंपणावरून हे सगळं बघत होत्या.

"काहो बाई," त्या म्हणाल्या, "गोडं पाणी भेटून नाई राह्यलं, अन् तुमी हाये थेबी खारं करून राह्यले?"

मी म्हटलं, "मासे समुद्रातले आहेत."

"मंग थे समुद्रातच बरे होते ना!"

मी मिठाचं पोतं आत ओढून घेतलं. 

पुढे दीड-दोन महिने टाकीत फक्त पाणी आणि दगड होते. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे आणि टाकीकडे वाकून बघायचे. "मासे लपून बसले का?" असं विचारायचे. नवरा गंभीरपणे सांगायचा, "मासे नाहीत अजून. पाणी तयार व्हायचंय." पाणी तयार व्हायचंय म्हणजे नेमकं काय, हे पुढे विचारायची कुणाची हिंमत होत नसे. सासूबाई कळंबजवळच्या गावाहून शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर, देऊन आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या एक दिवस म्हणाल्या, "पाणी झालं, मीठ झालं. आता फोडणी देजो, म्हंजे झालंच."

थंडीच्या दिवसांत मासे आले. हैदराबादच्या एसी बसच्या ड्रायव्हरने थर्माकोलचा डबा मांडीवर घेतलेल्या नवरीसारखा जपून आणला होता. दोन मासे, बोटाएवढे. चंदेरी अंग, त्यावर उभे काळे पट्टे, काळ्या लांब परांवर पांढरे ठिपके. दिसायला देखणे, यात शंका नाही. पण आम्हाला वाटलं होतं की ते पोहतील. ते पोहले नाहीत. टाकीच्या मध्यावर ते नुसते उभे राहिले. सकाळी उभे, दुपारी उभे, संध्याकाळी उभे. घास टाकला की पुढे यायचे, गिळायचे आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे.

"हे तं तहसीलातले पट्टेवाले हायेत," सासूबाईंनी निकाल दिला. तेव्हापासून आमच्या घरी त्यांना कुणी कार्डिनल म्हटलं नाही.

उन्हाळा लागला तसा घरातला एकुलता एसी झोपायच्या खोलीतून बैठकीत हलवला गेला. माशांना गार पाणी लागतं. माणसांना काय, कूलरही चालतो. पण तो एसी चालू झाल्यावर आम्ही सगळेच आपापली अंथरुणं घेऊन बैठकीत आलो आणि माशांचे आश्रित म्हणून राहू लागलो. त्यात नणंद बाळंतपणाला माहेरी आली. तिची खाटही टाकीसमोरच लागली.

इथे जावईबुवांबद्दल सांगायला हवं. नणंदेचे यजमान नेरला कॉलेजात शिकवतात. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव आहे ते व्याख्यानांसाठी. विषय एकच, 'सुजाण पालकत्व'. शाळेचं स्नेहसंमेलन असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, जावईबुवा उभे राहिले की बापाने कसं असावं ते सांगत. स्वतःला अजून मूल झालं नव्हतं, त्यामुळे बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं. दर रविवारी ते गाडी घेऊन बायकोला भेटायला यायचे, जेवायचे, एसीत झोपायचे आणि चहा घेऊन परत जायचे.

अशात दोन माशांपैकी एकाने खाणं सोडलं.

नवऱ्याने नाना प्रकारचं खाद्य आणलं. गोठवलेल्या कोळंबीची पाकिटं फ्रीजमध्ये सासूबाईंच्या उपवासाच्या भगरीशेजारी येऊन बसली, त्यावरून एक वेगळंच महाभारत झालं. मासा तोंड फिरवायचा. नवरा काळजीने दोन पोळ्या जास्त खाऊ लागला. दुकानात टायर बदलायला आलेल्या ट्रकवाल्यांनाही तो सल्ला विचारायचा. एकाने हळद टाकायला सांगितली, दुसऱ्याने इडापिडा जावी म्हणून मारबतीचं बाहुलं काढायला. सासूबाईंनी मोहरी-मीठ घेऊन टाकीची दृष्ट काढली.

"आई, मीठ नको टाकू आत!" नवरा ओरडला.

"काहून? तूच तं पोतं टाकलं," त्या म्हणाल्या.

नणंद दिवसभर टाकीसमोर पडून असायची. एक दिवस ती कोपरावर उठून बसली. "दादा, याच्या तोंडात काही हाये. गाल पाय ना त्याचे. थो तोंड उघडते तं आतमंदी मोत्यासारख्या गोळ्या दिसतात."

नवऱ्याने व्हिडिओ काढून हैदराबादच्या दुकानदाराला पाठवला. तिकडून अभिनंदनाचा फोन आला. मासा आजारी नव्हता. तो बाप होता. ह्या जातीत मादी अंडी देते आणि मोकळी होते. नर ती अंडी तोंडात घेतो. अंडी फुटून पिल्लं पोहण्याइतकी होईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, तो ती तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस तो काही खात नाही.

फोन ठेवून नवऱ्याने हे सगळं आम्हाला सांगितलं. मग सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हंजे बाई मोकळी? अन् बुवा उपाशी? बाप्पा! हे देवाले आधी काहून नाई सुचलं!"

बातमी दुपारच्या आत गल्लीभर झाली. बायका चार-चार, पाच-पाच जणी येऊ लागल्या. शेजारच्या काकूंनी तर आपल्या नवऱ्यालाच हाताला धरून आणलं. ते सहकारी सोसायटीच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. काकूंनी त्यांना टाकीपुढे उभं केलं.

"पाहा."

"काय पाहू?"

"पाहत राहा."

ते बराच वेळ पाहत उभे राहिले. मासाही त्यांच्याकडे पाहत उभा होता. शेवटी काकांनी विचारलं, "चहा हाये का?" आणि काकूंनी कपाळाला हात लावला.

रविवारी जावईबुवा आले. त्या दिवशी सासूबाईंनी मुद्दाम डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल. ताट टाकीसमोर मांडलं. तिसऱ्यांदा भात वाढताना सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "जवाईबापू, थो पाहा, पट्टेवाला. पोरायसाठी उपाशी हाये बिचारा. तुमी घ्या ना, तुमी कायले लाजता?"

जावईबुवांनी भात घेतला आणि व्याख्यानाच्या मराठीत सांगितलं, "हे केवळ सहजप्रवृत्तीचं उदाहरण आहे. याला पालकत्व म्हणता येणार नाही. पालकत्व ही जाणिवेची प्रक्रिया आहे."

"दवाखान्याच्या बॅगीत काय काय भरायचं थे विचारलं होतं तुमाले," नणंद खाटेवरून म्हणाली. "महिना झाला. थे जाणीव झाली का?"

जावईबुवा त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

इकडे माशाची कीर्ती वाढत गेली. काकूंच्या भजनी मंडळाने ठरवलं की अशा बापाचा सत्कार झाला पाहिजे. मी म्हटलं, मासा आहे तो. त्या म्हणाल्या, म्हणून काय झालं, गावात सत्कार झालेल्या बाकीच्यांनी असं काय केलं होतं? मुद्दा बिनतोड होता. मंडळातल्या बायका नारळ, हार आणि पेढे घेऊन ठरल्या दिवशी दारात आल्या.

त्याच सकाळी नवऱ्याने घास टाकला आणि मासा धावून आला. गिळला. दुसरा टाकला, तोही गिळला. गाल सपाट झाले होते. टाकीत पिल्लं कुठेही नव्हती. नवऱ्याने दगड उचलून पाहिले, गाळणी उघडून पाहिली. मग हैदराबादला फोन लावला. दुकानदाराला त्यात नवल वाटलं नाही. पहिल्या वेळेला होतं असं, म्हणाला. नवखा बाप असतो. धीर धरवत नाही, गिळून टाकतो.

नवऱ्याला अचानक दुकानात फार काम असल्याचं आठवलं. बायकांसमोर मी एकटी उभी राहिले.

"पिल्लं दिसत नाईत," काकू म्हणाल्या.

"नाहीत आता."

"गेली कुठं?"

"खाल्ली त्याने."

हार धरलेल्या बाईचा हात खाली आला. मासा काचेशी येऊन, आणखी काही मिळतंय का ते बघत होता.  शेवटी काकूंनीच तोंड उघडलं, "जाऊ द्या. शेवटी पुरुषाचीच जात." नारळ आणलाच होता, तो परत नेणं बरं नाही म्हणून उंबऱ्यावर फोडला. पेढे आम्ही बायकांनीच वाटून खाल्ले.

पुढच्या रविवारी जावईबुवा आले तेव्हा ते आपण होऊन टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. माशाशी त्यांचं काही भांडण उरलं नव्हतं. "मी म्हटलंच होतं," असं ते जेवताना दोनदा आणि हात धुताना एकदा म्हणाले.

नणंदेला मुलगी झाली. जावईबुवा दवाखान्यात आले, फोटो काढले आणि 'बाप होताना' अशा मथळ्याचा भला मोठा मजकूर मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी सुधारून दिल्या. मजकुरात ते लेकीला कुशीत घेऊन खिडकीशी उभे होते. प्रत्यक्षात त्यांनी तिला अजून घेतलं नव्हतं. कधी हात धुवायचे असत, कधी सर्दी असे, कधी फोन येई. पाळण्याशी वाकून ते तिच्याशी शुद्ध भाषेत बोलत आणि सरळ होत.

बारसं भर मे महिन्यात आलं. त्या सुमारास माशाने पुन्हा खाणं सोडलेलं होतं. ह्या वेळी नवऱ्याने बाहेर कुणालाही सांगितलं नाही. आम्हीही गप्प राहिलो. आपली फजिती पुन्हा कशाला मांडा?

बारशाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. नेरहून जावईबुवांची बहीण आली होती, तीच मुलीचं नाव ठेवणार होती. जावईबुवा नव्या कुर्त्यात होते. मोबाइलवर भाषण तयार होतं आणि माइकसुद्धा आणला होता. स्वयंपाक आटोपत आला आणि वीज गेली.

नवऱ्याने लाइनमनला फोन लावला.

"भाऊ, डीपी जळाली, आख्खा ट्रान्सफार्मर गेला," तो म्हणाला. "दुसरी यवतमाळहून येईन."

"कधी?"

"येईन."

इन्व्हर्टरने तासभर तग धरला आणि तोही बसला. एसी बंद, टाकीतले पंप बंद. बाहेर असं ऊन की कावळासुद्धा दिसत नव्हता. माणसांनी पुठ्ठ्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली. टाकीचं पाणी तापू लागलं आणि दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. नर तोंड पूर्ण उघडत नव्हता. एवढंसं उघडायचा आणि मिटायचा.

नवरा अंगातला सदरा काढून कामाला लागला. पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेला बर्फ बाटल्यांत भरून त्याने टाकीत सोडला. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून मगाने पाणी घ्यायचं आणि उंचावरून परत ओतायचं, हे अखंड करावं लागणार होतं. त्याचा हात भरून आला तसा तो मग मी घेतला, नंतर काकूंनी घेतला. सरबत कोमट मिळालं म्हणून आधी कुरकुरणारे पाहुणेही जमा झाले. जरीच्या साड्या खोचून बायका आळीपाळीने पाणी ओतू लागल्या. पुरुष मंडळी कसं ओतावं ते सांगत होती.

थोड्या वेळाने जावईबुवांनी मग हातात घेतला. ते पाणी छान ओतत होते आणि ओतता ओतता प्राणवायू पाण्यात कसा विरघळतो ते समजावत होते. तेवढ्यात आतून मुलीचं रडणं सुरू झालं. उकाड्याने ती लालबुंद झाली होती. पाळणा हलवला, ओलं फडकं फिरवलं, ती थांबेना. नणंद तिला घेऊन बाहेर आली. सकाळपासून तिला कुणी बसू दिलं नव्हतं, घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती सरळ टाकीपाशी आली.

"आणा थो मग इकडं. अन् हिले घ्या."

"मी? अगं, आत्ता माझे हात..."

"हात ओले हायेत म्हंजे धुतलेलेच हायेत. घ्या."

वीस-पंचवीस माणसं बघत होती. जावईबुवांनी हात पुढे केले आणि मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. फार हळू आवाजात, व्याख्यानाची मराठी सोडून ते सासूबाईंना म्हणाले, "आई, मान कशी धरायची? मले भेव लागते. निसटली तं?"

एवढंच होतं ते. सर्दी नव्हती की फोन नव्हता. मला त्यांना हसायचं होतं, पण ते राहूनच गेलं. सासूबाईही हसल्या नाहीत. त्यांनी जावयाचा कोपर वाकवला, त्यात नातीचं डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, "अशी. आता फिरा. थांबू नका."

जावईबुवा फिरू लागले. मुलगी गप्प झाली. ते थांबले की ती रडायची, म्हणून ते व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. बारसं त्यांच्या हातातच झालं. बहीण त्यांच्या मागे मागे चालत गेली आणि तिने चालत्या बापाच्या कोपरावर वाकून मुलीच्या कानात कुर्र केलं. नंतर कुणीतरी भाषणाची आठवण दिली. जावईबुवांनी घसा साफ करून "आदरणीय..." म्हटलं, तोच मुलीने असा सूर लावला की त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मुलीने कुर्ता भिजवला तेव्हाही ते काही बोलले नाहीत. ताटं वाढली गेली, लोक जेवून उठले, ते फिरतच होते. कुणी जेवायला बोलावलं तर डोळ्यांनीच 'नको' म्हणायचे.

डीपी उन्हं उतरल्यावर आली. पंप सुरू झाले. नर आपल्या जागी उभा होता, गाल फुगलेले. मादी मात्र दगडाला टेकून आडवी झाली होती. नवऱ्याने तिला तळहातावर घेऊन बाहेर काढलं. इतके दिवस तिच्या मोकळेपणावर हसणाऱ्या सासूबाईंनी तिला कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरलं आणि कुणाला काही न सांगता आंघोळ करून आल्या.

आठवड्याभराने एका सकाळी टाकीत बारीक पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी हललं. बापाचीच हुबेहूब प्रत, पण डाळीच्या दाण्याएवढी. समुद्रात ही पिल्लं काटेरी प्राण्यांच्या आडोशाला राहतात. ते इथे कुठून आणणार? नवऱ्याने वायरी बांधायच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा एक काटेरी गोळा करून सोडला आणि पिल्लं खुशाल त्यात शिरली. मोजायला गेलं की दर वेळी आकडा बदलायचा. निम्म्याहून अधिक जगली. बापाला नवऱ्याने पहिल्याच दिवशी वेगळ्या टाकीत हलवलं, कारण आता त्याला भूक लागली होती.

पावसाळ्यात शाळा सुरू झाल्यावर आमच्या पालकसभेला हेडमास्तरांनी वक्ता म्हणून जावईबुवांनाच बोलावलं. व्याख्यान तेच होतं, पण आता त्यात पट्टेवाल्याचा मोठा फोटो आला होता. "हा उपाशी बाप आपल्याला काय शिकवतो?" त्यांनी सभेला विचारलं. सहजप्रवृत्तीचा उल्लेख कुठे नव्हता. गिळलेल्या पिल्लांचाही नव्हता.

मागच्या रांगेतली एक आई उभी राहिली. तांड्यावरून आलेली, कडेवर धाकटं पोर. "सर, तोंडातून पोरं बाहीर काढल्यावर मंग थो काय करते?"

जावईबुवांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सभेत मासा पाळणारी मी एकटीच होते.

"वेगळं ठेवलं नाही तर कधीकधी खातो," मी म्हटलं.

सभा हसली. जावईबुवाही हसले, थोडे उशिरा. त्यांनी पुढचा फोटो लावला. त्यात ते स्वतः होते, व्हरांड्यात, भिजलेल्या कुर्त्यात, केस विस्कटलेले. हा फोटो नणंदेने काढलेला होता आणि तो चुकून लागला असावा, कारण ते लगेच मागे न्यायला धडपडू लागले. मशीन अडकलं. तो फोटो भिंतीवर तसाच राहिला आणि त्यांना उरलेलं व्याख्यान त्याच्याच खाली उभं राहून द्यावं लागलं. ते नेहमीपेक्षा बरंच लवकर संपलं.